आकाशातील घड्याळे आणि जमिनीवरचा भरवसा

११ जुलै २०१९ रोजी युरोपच्या ‘गॅलिलिओ’ या उपग्रह दिशादर्शन यंत्रणेची सेवा खंडित झाली. एकही उपग्रह कोसळला नव्हता की कक्षेतून ढळला नव्हता. वीसहून अधिक उपग्रह नेमून दिलेल्या वाटेने फिरत होते आणि त्यांचे संदेशही पृथ्वीवर येत होते. तरीही या संदेशांवर विसंबून राहू नये, अशी सूचना चालकांना काढावी लागली. हा प्रकार जवळपास आठवडाभर चालला. १८ जुलैला सेवा पूर्ववत झाल्याचे जाहीर करण्यात आले. बिघाड आकाशात नव्हताच, तो जमिनीवर होता. प्रत्येक उपग्रह नेमका कोठे आहे आणि त्याचे घड्याळ किती पुढे-मागे आहे, याचे गणित मांडणारी नियंत्रण केंद्रांतील व्यवस्था कोलमडली होती. उपग्रह बोलत होते. पण ते जे सांगत होते ते शिळे झाले होते.

उपग्रहांद्वारे दिशादर्शन म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे अग्निबाण, सौरपंख पसरलेला उपग्रह आणि मोबाइलच्या पडद्यावरचा निळा ठिपका उभा राहतो. जगभर सेवा देणारी अशी यंत्रणा आखणाऱ्यांना मात्र वेगळ्याच प्रश्नाने ग्रासलेले असते. कोट्यवधी अनोळखी माणसांनी, विमानांनी आणि जहाजांनी ज्या संदेशावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, तो संदेश खरा असल्याची हमी कोण आणि कशी देणार? कक्षा, घड्याळे, संदेशांची रचना, भूकेंद्रे आणि पैसा यांविषयीचा प्रत्येक निर्णय अखेर या प्रश्नापाशी येऊन थांबतो. ‘गॅलिलिओ’ची जडणघडण त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे, कारण या यंत्रणेने त्यातील बहुतेक धडे स्वतः ठेच लागून शिकले आहेत.

वेळेतून अंतर

वीज चमकल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजले, की वीज किती दूर पडली याचा अंदाज करता येतो. उपग्रह दिशादर्शनाचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. प्रत्येक उपग्रह सतत दोनच गोष्टी सांगत असतो: ‘मी अमुक ठिकाणी आहे’ आणि ‘आता अमुक वाजले आहेत’. संदेश निघाल्याची वेळ आणि तो पोहोचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहापासूनचे अंतर मिळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली, तर पृथ्वीवरील ठिकाण निश्चित करता यायला हवे.

अडचण येते ती वेळेच्या मोजणीत. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका नॅनोसेकंदात, सेकंदाच्या अब्जाव्या भागात, तो ३० सेंटिमीटर अंतर कापतो. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले, तर अंतर ३०० मीटरनी चुकते. उपग्रहावर अणुघड्याळ बसवता येते. पण ग्राहकाच्या खिशातील मोबाइलमध्ये असते ते साधे, स्वस्त स्फटिकाचे घड्याळ. त्यावर काढलेला तोडगा मोठा सुंदर आहे. ग्राहकाच्या घड्याळातील चूक हीच एक अज्ञात राशी मानायची. लांबी, रुंदी आणि उंची सांगणाऱ्या तीन राशी आणि ही चौथी. चार अज्ञात राशींसाठी चार समीकरणे हवीत, म्हणून चार उपग्रह हवेत. चौथ्या उपग्रहाच्या बळावर ग्राहकाचे साधे घड्याळही जवळजवळ अणुघड्याळाच्या तोडीचे होते. मोबाइलचे मनोरे, वीजवाहिन्यांची जाळी आणि वित्तीय व्यवहार आज आपली वेळ याच उपग्रहांवरून लावून घेतात, ते याच कारणाने.

आधी गरज, मग उपग्रह

अमेरिकेच्या जीपीएसचा आराखडा १९७३ मध्ये संरक्षण खात्यात ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. त्याचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचे जाहीर झाले. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेल्यानंतर, ही सेवा नागरी वापरासाठी खुली ठेवण्याचे अमेरिकेने घोषित केले. तथापि नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळण्यात येत असे. त्यामुळे सामान्य ग्राहकाला शंभर मीटरच्या आसपासच्या अचूकतेवर समाधान मानावे लागे. मे २००० च्या प्रारंभी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळ बंद झाली आणि एका रात्रीत जगभरातील यंत्रे अचूक दाखवू लागली.

हा निर्णय स्वागतार्ह होताच. पण त्यातून एक गोष्टही उघड झाली. ज्याला एका रात्रीत चूक काढून टाकता येते, त्याला ती एका रात्रीत पुन्हा घालताही येते. युरोपीय आयोगाने १९९९ मध्ये स्वतंत्र यंत्रणेचा प्रस्ताव मांडला, तो या चिंतेपोटी. आपली विमाने, रेल्वे आणि बंदरे दुसऱ्या देशाच्या लष्कराने चालविलेल्या सेवेवर किती काळ विसंबून ठेवायची, हा त्यामागचा सवाल होता. २६ मार्च २००२ रोजी युरोपीय संघाच्या परिवहनमंत्र्यांनी विकासासाठी ४५ कोटी युरो मोकळे केले आणि ‘गॅलिलिओ’ कागदावरून पुढे सरकली.

अशा यंत्रणेची आखणी उपग्रहांपासून नव्हे, तर गरजेपासून सुरू होते. गरज चार कसोट्यांवर मोजली जाते. पहिली अचूकता, म्हणजे दाखवलेले ठिकाण खऱ्या ठिकाणाच्या किती जवळ आहे. दुसरी उपलब्धता, म्हणजे हवी तेव्हा आणि हवी तेथे सेवा मिळते काय. तिसरी सातत्य, म्हणजे धावपट्टीकडे झेपावणाऱ्या विमानाला ऐन वेळी ती दगा देणार नाही ना. चौथी आणि सर्वांत अवघड कसोटी सचोटीची. यंत्रणा चुकली तर ‘मी चुकले आहे, माझ्यावर विसंबू नका’ हे तिने स्वतःहून आणि वेळेत सांगितले पाहिजे. सामान्य वाहनचालकाला पहिली कसोटी महत्त्वाची वाटते. वैमानिकाच्या दृष्टीने चौथी जीवन-मरणाची असते.

किती उंच, किती उपग्रह?

कोणत्याही क्षणी, पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणाहून किमान चार उपग्रह दिसले पाहिजेत आणि तेही आकाशात नीट विखुरलेले असावेत. सगळे एकाच कोपऱ्यात गोळा झाले, तर चार असूनही ठिकाण धूसर येते. उपग्रह पृथ्वीच्या अगदी जवळ ठेवले तर प्रत्येकाच्या नजरेच्या टप्प्यात थोडाच प्रदेश येतो आणि संख्या फार वाढवावी लागते. ३६ हजार किलोमीटर उंचीवर विषुववृत्ताच्या माथ्यावर स्थिर ठेवले, तर ध्रुवांकडील देशांना ते क्षितिजाला टेकलेले दिसतात, डोंगराआड आणि इमारतींआड लपतात. म्हणून अमेरिका, रशिया आणि युरोप या तिघांनीही मधली उंची निवडली. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर, रशियाच्या ‘ग्लोनास’चे १९,१०० किलोमीटरवर, तर ‘गॅलिलिओ’चे २३,२२२ किलोमीटरवर फिरतात.

या आकड्यांमागे हिशेब आहे. जीपीएसचा उपग्रह पृथ्वीच्या एका परिवलनात बरोबर दोन फेऱ्या पूर्ण करतो. त्यामुळे तो रोज त्याच प्रदेशांवरून जातो आणि पृथ्वीच्या ओबडधोबड गुरुत्वाकर्षणाचा तोच धक्का त्याला पुनःपुन्हा बसतो. झोपाळ्याला ठरावीक वेळी झोका देत राहावे तसा हा परिणाम साठत जातो आणि उपग्रहाला अधूनमधून जागेवर आणावे लागते. ‘गॅलिलिओ’चा उपग्रह साधारण १४ तासांत एक फेरी पूर्ण करतो, १० दिवसांत १७ फेऱ्या झाल्यावर त्याची जमिनीवरील वाट पुन्हा जुळते. धक्के विखुरले जातात आणि जागा दुरुस्त करण्याची वेळ क्वचित येते. ज्या उपग्रहाला कमी हलवावे लागते, त्याच्या कक्षेचे भाकीत अधिक भरवशाचे असते.

कक्षांची प्रतले किती असावीत, यालाही व्यावहारिक बाजू आहे. जीपीएसची रचना सहा प्रतलांची, तर ‘गॅलिलिओ’ने तीनच प्रतले घेतली. एकदा सोडलेला उपग्रह एका प्रतलातून दुसऱ्यात नेणे इंधनाच्या दृष्टीने अतिशय महाग पडते. त्याच प्रतलात पुढे-मागे सरकवणे मात्र स्वस्त असते. प्रतले कमी असली की एका उड्डाणात अनेक उपग्रह नेता येतात आणि प्रत्येक प्रतलातील राखीव उपग्रह शेजाऱ्याच्या जागी लवकर पोहोचतो. एरियन-५ अग्निबाणाने २०१६ ते २०१८ या काळात प्रत्येक उड्डाणात चार-चार उपग्रह वाहून नेले, ते या आखणीमुळेच. विषुववृत्ताशी ५६ अंशांचा कल ठेवल्यामुळे उत्तर युरोपलाही पुरेसे उपग्रह दिसतात.

चार घड्याळे आणि तरीही चिंता

‘गॅलिलिओ’च्या प्रत्येक उपग्रहावर चार घड्याळे असतात: दोन रुबिडियमची आणि दोन हायड्रोजन मेझर प्रकारची. यांतील मेझर घड्याळ तीस लाख वर्षांत एखाद्या सेकंदाने चुकेल इतके स्थिर मानले जाते. एका वेळी सेवा एकाच घड्याळावर चालते, बाकीची राखीव. दोन निराळ्या जातींची घड्याळे ठेवण्यामागचा विचार असा, की एका जातीत दोष निघाला तर दुसरी जात तगून राहावी.

उत्तम घड्याळ बसवले म्हणजे काम संपले असेही नाही. कारण आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत येथे दैनंदिन व्यवहारात उतरतो. उंचावर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने जीपीएस उपग्रहावरील घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, तर वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. राहिलेल्या ३८ मायक्रोसेकंदांचा हिशेब धरला नाही, तर एका दिवसात अंतर अकरा किलोमीटरनी चुकेल. म्हणून घड्याळाचा ठेका जमिनीवरच किंचित मंद लावला जातो. ‘गॅलिलिओ’च्या बाबतीत तर एका अपघातानेच या सिद्धांताची परीक्षा घडवली. २२ ऑगस्ट २०१४ रोजी कुरू येथून निघालेल्या सोयुझ अग्निबाणाने दोन उपग्रह चुकीच्या, लांबट कक्षेत सोडले. अतिथंड हीलियमच्या नळीला खेटून इंधनाची नळी बसवली गेल्याने इंधन गोठले होते. वाया गेल्यासारख्या वाटणाऱ्या या उपग्रहांची उंची प्रत्येक फेरीत हजारो किलोमीटरनी बदलत असल्याने त्यांच्या घड्याळांची गतीही बदलत राही. त्या नोंदींवरून गुरुत्वाकर्षणाचा वेळेवरील परिणाम १९७६ च्या प्रसिद्ध अग्निबाण-प्रयोगापेक्षाही अधिक अचूकपणे मोजता आला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

खरा हादरा बसला तो जानेवारी २०१७ मध्ये. कक्षेतील १८ उपग्रहांवरील ७२ घड्याळांपैकी १० बंद पडल्याचे युरोपीय अवकाश संस्थेने जाहीर केले. त्यांतले एक नंतर पुन्हा सुरू झाले. दोन जातींचा बंदोबस्त असूनही बिघाड दोन्ही जातींत निघाला होता. राखीव घड्याळांमुळे एकही उपग्रह निकामी झाला नाही, ही आखणीची जमेची बाजू. परंतु चारांतले एक घड्याळ गेले की उपग्रह काम करत राहतो, मात्र त्याचे उरलेले आयुष्य अधिक जोखमीचे होते. पुढच्या उड्डाणांआधी कारणे शोधून दुरुस्त्या कराव्या लागल्या.

संदेशाच्या जागेसाठी ओढाताण

उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेतो इतका क्षीण झालेला असतो की तो आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाखाली दबून जातो. ग्राहक यंत्राला उपग्रहाच्या संदेशाची ठेवण आधीच ठाऊक असते, म्हणून जत्रेच्या गलक्यात आपले नाव ऐकू यावे तसे ते त्याला वेचून काढते. वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युतभारित कण संदेशाला विलंब लावतात आणि हा विलंब कंप्रतेनुसार, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार, बदलतो. दोन कंप्रतांवर एकच गोष्ट सांगितली, तर फरकावरून विलंब ओळखता येतो. म्हणूनच एकाहून अधिक कंप्रता हव्यात. भारतावरील आकाशात हा थर विशेष चंचल असतो. विमानांसाठीच्या भारतीय ‘गगन’ यंत्रणेला त्याचे स्वतंत्र गणित बसवावे लागले, ते यामुळेच.

पण कंप्रता ही मर्यादित जागा आहे. ‘गॅलिलिओ’च्या सुरक्षित, सरकारी वापराच्या संदेशासाठी युरोपने निवडलेली जागा अमेरिकी लष्कराच्या नव्या संदेशाच्या जागेवर येत होती. युद्धप्रसंगी शत्रूला नागरी दिशादर्शन मिळू नये म्हणून ते दाबायचे, पण आपले लष्करी संदेश चालू ठेवायचे, ही अमेरिकेची नीती. दोन्ही संदेश एकमेकांवर आले, तर युरोपचा संदेश दाबताना अमेरिकेचाही दबला असता. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी नाटो देशांच्या संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून आपली हरकत कळवली. पुढे दीर्घ वाटाघाटी झाल्या आणि २६ जून २००४ रोजी उभयपक्षी करार झाला. युरोपने आपल्या संदेशाची रचना बदलली आणि त्याच करारात दोन्ही यंत्रणांच्या नागरी संदेशांनी एकमेकांशी जुळते राहावे असे ठरले. आज एकच मोबाइल दोन्ही यंत्रणांचे उपग्रह सहज ऐकू शकतो, त्याचे बरेच श्रेय या तडजोडीला जाते.

जागा कागदावर मिळाली तरी ती ठरावीक मुदतीत प्रत्यक्ष वापरून दाखवावी लागते. अन्यथा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हक्क जातो. त्यासाठी युरोपने ब्रिटनमधील एका लहानशा कंपनीकडून ‘जिओव्ह-ए’ हा चाचणी उपग्रह झटपट बांधून घेतला आणि २८ डिसेंबर २००५ रोजी बैकानूरहून सोडला. त्याने संदेश पाठवताच युरोपचा कंप्रतांवरील हक्क शाबूत राहिला. इतक्या मोठ्या प्रकल्पाचे भवितव्य काही काळ एका छोट्या उपग्रहावर लटकले होते, असे म्हणायला हरकत नाही.

फुकट सेवेचा खर्च

पैशाचा प्रश्न याहून बिकट ठरला. आरंभीच्या योजनेनुसार उपग्रह उभारणीचा मोठा भाग खासगी कंपन्यांनी उचलायचा होता. परंतु शेजारी जीपीएस फुकट मिळत असताना ‘गॅलिलिओ’साठी ग्राहक पैसे का मोजील? उत्पन्नाची खात्री नाही आणि अपघाताची जबाबदारी कोणाची हेही ठरेना, अशा स्थितीत कंपन्यांच्या संघाशी चाललेली बोलणी २००७ मध्ये फिसकटली. अखेर २००७ ते २०१३ या काळासाठी ३.४ अब्ज युरोंचा भार युरोपीय संघाने सरकारी तिजोरीवर घेतला. दीपगृहाचा उजेड ज्याप्रमाणे जहाजागणिक विकता येत नाही, त्याप्रमाणे दिशादर्शनही सार्वजनिक सेवा म्हणूनच उभे करावे लागते, हे मान्य करायला युरोपची कित्येक वर्षे गेली. यंत्रणेचे पहिले दोन कार्यक्षम उपग्रह २१ ऑक्टोबर २०११ रोजी निघाले, तर प्राथमिक सेवा जाहीर व्हायला १५ डिसेंबर २०१६ उजाडले.

उभारणीइतकाच निभावणीचा खर्चही गृहीत धरावा लागतो. रशियाच्या ‘ग्लोनास’ने १९९०च्या दशकाच्या मध्यास २४ उपग्रहांचा ताफा पूर्ण केला होता. त्यानंतरच्या आर्थिक ओढगस्तीत अल्पायुषी उपग्रहांच्या जागी नवे पाठवता आले नाहीत आणि २००१ च्या सुमारास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उपग्रह उरले. गेलेला ताफा पुन्हा पूर्ण व्हायला २०११ साल उजाडले. अशी यंत्रणा एकदा बांधून ठेवायची वास्तू नसते. घराण्याप्रमाणे पिढीमागून पिढी चालवावी लागते. तिची वाहनेही हाताशी लागतात. युक्रेन युद्धामुळे २०२२ मध्ये रशियाच्या सोयुझचा मार्ग बंद झाला, नवा एरियन-६ अग्निबाण वेळेवर तयार नव्हता आणि ‘गॅलिलिओ’चे तयार उपग्रह जमिनीवर अडकून पडले. २०२४ मध्ये त्यांतले चार उपग्रह स्पेसएक्सच्या फाल्कन अग्निबाणांनी न्यावे लागले. अमेरिकेवरील अवलंबित्व टाळण्यासाठी जन्मलेल्या यंत्रणेला अमेरिकी अग्निबाणाचा आधार घ्यावा लागावा, यातील विसंगती लपण्यासारखी नाही.

भारताने निवडलेली वाट

‘गॅलिलिओ’ हा सहकार्याचाही प्रकल्प होता आणि सहकार्याच्या मर्यादांचाही. चीन २००३ मध्ये त्यात सहभागी झाला. पुढे अपेक्षाभंगानंतर त्याने आपल्या ‘बैदू’कडेच लक्ष वळवले आणि ३१ जुलै २०२० रोजी तिची जागतिक सेवा जाहीर केली. ब्रिटनने उभारणीत मोठा वाटा उचलला, ‘जिओव्ह-ए’ही तेथेच घडला, परंतु युरोपीय संघ सोडल्यावर सुरक्षित सरकारी संदेशाची दारे त्याच्यासाठी बंद झाली. स्वतःची जागतिक यंत्रणा उभारण्याचा ब्रिटनचा विचार खर्चाच्या भाराने २०२० मध्ये बाजूला पडला.

भारताचीही ‘गॅलिलिओ’तील सहभागाबाबत युरोपीय संघाशी बोलणी झाली होती. मात्र केंद्र सरकारने २००६ मध्ये स्वतंत्र प्रादेशिक यंत्रणेला मंजुरी दिली. पुढे ‘नाविक’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. तिची आखणी जागतिक यंत्रणेहून मुळातच वेगळी आहे. भारत आणि सीमेपलीकडील सुमारे १५०० किलोमीटरचा पट्टा एवढेच क्षेत्र धरल्याने दोन डझनांऐवजी सातच उपग्रह पुरेसे ठरले. तीन भूस्थिर आणि चार कललेल्या कक्षेत, सारे भारताच्या आकाशात दिसतील असे. जगभर पसरलेल्या भूकेंद्रांचीही गरज उरली नाही. युरोपला मात्र स्वालबार्डपासून अंटार्क्टिकापर्यंत आणि हिंदी महासागरातील रियुनियनपासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत केंद्रे पसरावी लागली आहेत.

तरीही अडथळे तेच आले. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी निघाला. २०१६ मध्ये त्याची तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली. ही घड्याळे ‘गॅलिलिओ’ला पुरवठा करणाऱ्याच स्विस कंपनीची होती. त्याची जागा घेण्यासाठी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडलेला उपग्रह अग्निबाणाचे उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. बदली उपग्रह एप्रिल २०१८ मध्ये पोहोचला. संदेशांची निवडही प्रश्न ठरली. पहिल्या पिढीतील उपग्रह ज्या कंप्रतांवर बोलत होते, त्या बहुतेक मोबाइलना ऐकूच येत नव्हत्या. त्यामुळे यंत्रणा असूनही ती सामान्यांच्या हाती पोहोचली नाही. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या ‘एनव्हीएस-०१’वर या दोन्ही उणिवांचे उत्तर होते: भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ आणि जीपीएसला जुळणारी कंप्रता. त्याच मालिकेतला दुसरा उपग्रह २९ जानेवारी २०२५ रोजी निघाला, पण इंजिनाची झडप न उघडल्याने तो ठरलेल्या कक्षेपर्यंत पोहोचू शकला नाही. सात उपग्रहांच्या ताफ्यात एकेका उपग्रहाची किंमत किती मोठी असते, हे अशा वेळी जाणवते. जागतिक ताफ्यात एखादा गेला तर पोकळी भरून निघते. लहान ताफ्यात राखीव उपग्रहांची तरतूद आधीपासून हवी.

चुकले तर सांगायला हवे

या सगळ्याचा उलगडा जुलै २०१९ च्या घटनेपाशी होतो. ‘गॅलिलिओ’ची भूकेंद्रे उपग्रहांचे संदेश अखंड ऐकतात. इटलीतील फुचिनो आणि जर्मनीतील ओबरफाफनहोफेन येथील नियंत्रण केंद्रे त्यावरून प्रत्येक उपग्रहाची कक्षा आणि घड्याळातील चूक ठरवतात, आणि हे ताजे आकडे पुन्हा उपग्रहांकडे पाठवले जातात. हे चक्र थांबले की उपग्रह जुन्या आकड्यांवर बोलत राहतात आणि चूक तासागणिक वाढत जाते. दोन केंद्रे असूनही सेवा ढासळली. म्हणजे राखीव व्यवस्था नुसती असून भागत नाही. ती मूळ व्यवस्थेच्या बिघाडात सापडणार नाही, इतकी तिच्यापासून स्वतंत्र असावी लागते. घड्याळांच्या बाबतीत जे दिसले होते तेच जमिनीवर पुन्हा दिसले.

त्या आठवड्यात बहुतेक मोबाइलधारकांना काहीही जाणवले नाही, कारण त्यांचे फोन जीपीएस आणि इतर यंत्रणांकडे आपोआप वळले. स्पर्धेतून उभ्या राहिलेल्या या यंत्रणा नकळत एकमेकींच्या राखीव फौजा झाल्या आहेत. परंतु नवी धास्तीही आहे. क्षीण संदेश स्वस्त उपकरणाने दाबता येतो, इतकेच नव्हे तर खोटा संदेश पाठवून जहाजाला किंवा विमानाला भलतेच ठिकाण दाखवता येते. पूर्व युरोप आणि पश्चिम आशियातील संघर्षांच्या छायेत असे प्रकार वाढले आहेत. त्यावर ‘गॅलिलिओ’ने आपल्या खुल्या संदेशावर जणू सहीशिक्का उमटवण्याची सोय केली आहे, जेणेकरून संदेश खरोखरच उपग्रहाकडून आल्याचे ग्राहक यंत्राला पडताळता यावे. दुसरीकडे २०२३ च्या जानेवारीपासून विशेष ग्राहक यंत्रांना वीस सेंटिमीटरच्या आसपासच्या अचूकतेची सेवाही तिने विनामूल्य खुली केली.

अचूकता वाढवणे शास्त्रज्ञांना साधत आले आहे. ती दर पिढीत वाढतच जाईल. उपग्रहांची संख्याही पैसा असेल तर वाढवता येते. विश्वास मात्र असा विकत आणता येत नाही. एखादी यंत्रणा आणखी वीस वर्षांनी चालू असेल काय, तिची घड्याळे, अग्निबाण आणि भूकेंद्रे आपल्या ताब्यात असतील काय, आणि ती चुकली तर आपल्याला वेळेत सांगेल काय, हे प्रश्न आखणीच्या पहिल्याच पानावर लिहावे लागतात. भारत आपल्या ‘नाविक’ची पुढची पिढी उभी करत असताना, किती उपग्रह सोडले यापेक्षा या तीन प्रश्नांची उत्तरे काय आहेत, हेच तिच्या यशाचे खरे माप ठरणार आहे.